डोंगळ्यांवरील चातीसारखे डाग आणि ऑर्थोटॉस्पोव्हायरस : करप्याच्या फवारण्या का लागू पडल्या नाहीत?

विचारणा : दारणाकाठ (तालुका निफाड)

नमस्कार मंडळी. चांदोरी परिसरात आमची शेती असून घरच्या उळ्यासाठी (कांद्याच्या बियाण्यासाठी) दरवर्षी वीस गुंठ्यांवर डोंगळे, म्हणजे बी धरण्यासाठी पुन्हा लावलेले कांदे, लावण्याचा आमचा शिरस्ता आहे. यंदा चाळीतील (कांदा साठवण्याच्या जागेतील) उन्हाळ कांद्यातून एकसारख्या आकाराचे, बारीक मानेचे, जोड नसलेले कांदे निवडून नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात लागवड केली. जानेवारीच्या अखेरीस गोंडे (फुलांचे गुच्छ) बाहेर पडू लागले आणि त्याच सुमारास दांड्यांवर, जमिनीपासून साधारण वीतभर उंचीवर, गव्हाच्या काडाच्या रंगाचे डाग दिसू लागले. डागाचा आकार सूत कातण्याच्या चातीसारखा, म्हणजे मध्ये फुगीर आणि दोन्ही टोकांना निमुळता आहे. काही डागांच्या मधोमध हिरवा भाग तसाच शिल्लक राहिलेला दिसतो, जणू कोणी हिरव्या दांड्यावर पिवळी चौकट काढावी.

करपा समजून मी तीन वेळा बुरशीनाशकाची फवारणी केली. या काळात पाऊस नव्हता, दवही फारसे नव्हते, तरीही डाग वाढत गेले आणि आता त्या जागी दांडा मोडून गोंडा आडवा होत आहे. वीस गुंठ्यांतील अंदाजे चौथा हिस्सा असा पडला आहे. औषधांच्या दुकानात प्रत्येक वेळी वेगळी बाटली हातात पडली आणि चौथ्या वेळी तर ‘हे व्हायरसवरचे औषध आहे’ असे सांगून बाराशे रुपयांची बाटली देण्यात आली. ती मी फोडलेली नाही. त्याऐवजी चार दांडे तपासणीसाठी पाठवले. अहवालात ‘आयरिस यलो स्पॉट व्हायरस, प्रजाती ऑर्थोटॉस्पोव्हायरस’ एवढेच लिहून आले आहे.

आमच्या पंचक्रोशीत आयरिसचे फूल कोणी पाहिलेलेही नाही, मग हे नाव कांद्याला कसे लागले? शेजारच्या मळ्यात टोमॅटोच्या फळांवर गोल वलये आली होती आणि तोही याच कुळातील विषाणू असल्याचे कोणी तरी म्हणाले. तो तिकडून इकडे आला असेल का? सर्वांत महत्त्वाचे म्हणजे जे गोंडे उभे आहेत त्यांचे बी धरावे की सगळे मोडून टाकावे, आणि हा रोग बियातून, जमिनीतून किंवा चाळीतून पुढच्या हंगामात येतो का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर : रोपरोग_निवृत्त (नाशिक, गंगापूर रोड)

दारणाकाठ, आपण केलेले डागाचे वर्णन इतके नेमके आहे की अहवाल आला नसता तरी मी हेच नाव सांगितले असते. वनस्पतिरोगशास्त्र शिकवण्यात माझी हयात गेली, म्हणून उत्तर थोडे लांबेल, त्याबद्दल क्षमस्व.

आधी नावाविषयी. नेदरलँड्समध्ये आयरिसच्या पानांवर पिवळे डाग आढळले, त्यांतून हा विषाणू वेगळा काढून 1998 मध्ये त्याचे रीतसर वर्णन झाले, आणि ज्या झाडावर तो प्रथम ओळखला गेला त्याचे नाव त्याला कायमचे चिकटले. प्रत्यक्षात त्याचे खरे घर कांदा-लसणाच्या कुळात आहे. ब्राझील आणि अमेरिकेत बियाण्याच्या कांद्यावर असे डाग त्याच्याही बऱ्याच आधीपासून दिसत होते. भारतातील त्याची पहिली नोंद 2006 मध्ये प्रसिद्ध झाली आणि तीही आपल्या महाराष्ट्रातील कांद्यावरची होती. त्यामुळे आयरिसचा शोध घेण्यात अर्थ नाही.

आता प्रजातीविषयी, म्हणजे विषाणूंच्या घराण्याविषयी. टोमॅटो आणि स्पॉटेड या दोन इंग्रजी शब्दांच्या सुरुवातीच्या अक्षरांवरून ‘टॉस्पो’ हा शब्द तयार झाला, कारण या प्रजातीचा मूळपुरुष म्हणजे टोमॅटोवरील स्पॉटेड विल्टचा विषाणू. हा रोग ऑस्ट्रेलियात 1915 मध्ये प्रथम लक्षात आला, तो फुलकिड्यांमुळे पसरतो हे 1927 मध्ये दाखवले गेले आणि त्यामागे विषाणू आहे हे 1930 मध्ये सिद्ध झाले. त्यानंतर जवळजवळ साठ वर्षे जगभरातील शास्त्रज्ञ असेच समजत होते की हा एकच विषाणू हजार झाडांवर हजार रूपे घेतो. 1990 च्या सुमारास त्याच्या भावंडांची ओळख पटू लागली आणि आज या प्रजातीत दोन डझनांहून अधिक विषाणू धरले जातात. मागे वर्गीकरणाची फेरमांडणी झाली, तेव्हा ‘ऑर्थो’ हे उपपद पुढे जोडले गेले.

या विषाणूचा कण साधारण गोल, 80 ते 120 नॅनोमीटर व्यासाचा असतो आणि त्याच्याभोवती स्निग्ध पदार्थाचे आवरण असते. वनस्पतींच्या बहुतेक विषाणूंना असे आवरण नसते. तंबाखूच्या मोझॅक विषाणूची काठी उघडीच असते, पण प्रथिनाच्या कवचाने इतकी घट्ट बांधलेली की वाळलेल्या पाल्यात ती वर्षानुवर्षे टिकते. आपल्या विषाणूचे मऊ आवरण मात्र झाडाबाहेर किंवा किड्याबाहेर काही तासांतच निकामी होते. आपल्या अर्ध्या प्रश्नांचे उत्तर यातच आहे. तो जमिनीत मुक्काम करत नाही आणि खुरपे-विळ्यावरून शेतभर पसरत नाही. बियातूनही तो पुढे जात असल्याचे आढळलेले नाही. कांद्याच्या झाडात तो बहुधा जिथे शिरला त्या पातीवर किंवा दांड्यावरच राहतो, सर्व अंगभर भिनत नाही. म्हणूनच आपल्याला एका दांड्यावर चार डाग आणि शेजारचा दांडा स्वच्छ असे दृश्य दिसते. म्हणून जे गोंडे उभे आहेत आणि ज्यांचे दाणे भरत आहेत त्यांचे बी निर्धास्त धरावे. ज्यांचा दांडा मोडला आहे त्यांचे बी पोचट निघेल, एवढाच त्यातला तोटा.

मग तो येतो कुठून? फक्त फुलकिड्याच्या तोंडून. कांद्यावर ही कामगिरी थ्रिप्स टॅबेसी, म्हणजे आपला नेहमीचा कांद्यावरील फुलकिडा करतो. येथे एक गोष्ट अशी आहे की ती कळल्याशिवाय फवारणीचे गणित कधीच जुळत नाही. पूर्ण वाढलेल्या, पंख फुटलेल्या फुलकिड्याने रोगट पातीचा रस कितीही शोषला तरी तो रोगवाहक होत नाही. विषाणू घेण्याची क्षमता असते ती केवळ पिल्लाला, आणि तीही कोवळ्या अवस्थेत. पिल्लाच्या आतड्यातून विषाणू त्याच्या लाळग्रंथीपर्यंत पोहोचतो, वाटेत आपली संख्या वाढवतो, आणि कोषावस्था संपवून तो किडा पंखांनिशी बाहेर पडला की मरेपर्यंत ज्या झाडावर बसेल त्याला विषाणू देत राहतो. पिल्लाच्या लहानशा शरीरात आतडे आणि लाळग्रंथी एकमेकांना खेटून असतात, वाढीबरोबर त्या दूर जातात आणि वाट बंद होते, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. मादीच्या अंड्यांतून मात्र तो पुढच्या पिढीत जात नाही, म्हणजे प्रत्येक पिढीला रोगट झाडावरच जन्म घेऊन नव्याने दीक्षा घ्यावी लागते.

याचा व्यवहारातील अर्थ असा की बाहेरून उडून आलेला रोगवाहक किडा आपल्या दांड्यावर बसून काही मिनिटांत विषाणू सोडतो, आणि तो नंतर फवारणीने मेला तरी त्याचे काम झालेले असते. आपण वाचवू शकतो ती पुढची पिढी, जी आपल्याच शेतातील डागाळलेल्या पातीवर जन्माला येते. हा किडा अंडी पातीच्या पेशींत घुसवतो आणि कोषावस्थेत बहुतांशी मातीत किंवा बुडख्याशी असतो. या दोन्ही ठिकाणी फवारा पोहोचत नाही. म्हणून एका फवारणीने शेत स्वच्छ झाल्यासारखे वाटते आणि दहा दिवसांत पुन्हा तेवढेच किडे दिसतात.

त्या बाराशेच्या बाटलीविषयी एवढेच म्हणतो की झाडात शिरलेल्या विषाणूला मारणारे कोणतेही औषध शेतीत उपलब्ध नाही. ती परत करून पैसे मिळत असतील तर अवश्य मिळवावेत.

उत्तर : उळेवाली_येवला

सरांनी शास्त्र सांगितले, मी माझ्या बांधावरचे सांगते. आम्ही सतरा वर्षे डोंगळे करतो आणि त्यांतील तीन वर्षे अशीच हातची गेली, म्हणून दारणाकाठ दादांचे दुःख मला चांगले समजते.

आमच्याकडे दोन हंगाम लागोपाठ असे घडले की डिसेंबरअखेरपर्यंत डोंगळे निर्मळ होते आणि जानेवारीत एकाएकी डाग आले. तिसऱ्या वर्षी मी वहीत तारखा टिपल्या, तेव्हा कारण ध्यानात आले. आमच्या डोंगळ्यांच्या पश्चिमेला दिरांचा रांगडा (उशिरा खरिपाचा) कांदा होता. तो काढून पात सुकण्यासाठी शेतातच पसरली, त्यानंतर चौथ्या-पाचव्या दिवशी डोंगळ्यांच्या पश्चिमेकडील सहा सरींवर फुलकिडे अक्षरशः लोटले आणि तीन आठवड्यांनी नेमक्या त्याच सरींवर डाग उमटले. पूर्वेकडील सरींवर ते पुढे फेब्रुवारीत गेले. म्हणजे जुन्या कांद्याची पात वाळली की तिच्यावरचे सगळे बिऱ्हाड शेजारच्या हिरव्या पिकात उठून येते.

आपल्या जिल्ह्याची खरी अडचणही हीच आहे. खरिपाचा लाल कांदा निघतो तोवर रांगडा उभा असतो, रांगडा निघतो तोवर उन्हाळ लागलेला असतो, मधल्या काळात रोपवाटिका असतात आणि डोंगळे तर नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत हलत नाहीत. बाराही महिने कुठे ना कुठे कांद्याची हिरवी पात असतेच, त्यामुळे किड्याला आणि विषाणूला उपाशी राहण्याची वेळच येत नाही. त्यातून डोंगळे हे सर्वांत जास्त दिवस शेतात राहणारे पीक असल्याने सगळ्यांचा उकिरडा तेच होते.

दादा, एक गोष्ट विचारते, राग मानू नये. चाळीतून निवडून टाकलेला सडका आणि कोंब आलेला कांदा आपण कुठे टाकता? आम्ही तो चाळीच्या मागे बांधावर टाकत होतो. दिवाळीनंतर त्या ढिगाला हिरवेगार कोंब येत, आणि शेळ्यांनाही नको असलेले ते कोंब कोणी बघतही नसे. कृषी विद्यापीठातील एका बाईंनी शिवारफेरीत तिथेच बसकण मारून भिंगाने मला त्या कोंबांच्या बेचक्यातील पिल्ले दाखवली, तेव्हापासून आम्ही चाळीची घाण खड्ड्यात पुरतो. मागच्या हंगामातील राहून गेलेले कांदे शेतात आपोआप उगवतात, तेही लागवडीपूर्वी उपटून काढतो. या दोन कामांना मजुरीखेरीज काही खर्च आला नाही.

मका लावण्याचाही अनुभव सांगते. राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संचालनालयाची शिफारस आहे की लागवडीच्या महिनाभर आधी शेताभोवती मक्याच्या दोन ओळी, किंवा बाहेर मका आणि आत गहू, अशा सजीव कुंपणाने फुलकिड्यांना अटकाव होतो. मी पहिल्या वर्षी मका आणि डोंगळे एकाच दिवशी लावले. मका गुडघ्याला येईपर्यंत किडे आत पोहोचले होते. तो महिना फार महत्त्वाचा आहे.

उत्तर : गिरणारे_टोमॅटो

सर्वांना नमस्कार. दारणाकाठ यांनी टोमॅटोचा उल्लेख केला म्हणून लिहीत आहे. आमच्याकडे गेल्या हंगामात कोवळी पाने तांबूस-काळपट पडून शेंडा जळाल्यासारखा होत असे आणि जी फळे धरली त्यांच्यावर एकात एक अशी वलये येत. माल पिंपळगावच्या बाजारात नेला तर व्यापारी क्रेटमध्ये हात घालून वलयाचे एखादे फळ वर काढी आणि सगळा क्रेट बाजूला सारी; चवीत काहीच फरक नसतो हे त्याला सांगून उपयोग नसे.

माझी शंका अशी की सर म्हणतात हे सगळे एकाच प्रजातीतील आहेत, तर मग कांद्यावरचा किडा टोमॅटोवर येऊन हा रोग लावतो का? आमच्या भोवती द्राक्षबागाही आहेत आणि त्यांवर थ्रिप्स भरपूर असतात. त्यांच्यापासूनही धोका आहे का? तसेच वाणाच्या पाकिटावर स्पॉटेड विल्टला प्रतिकारक असे छापलेले असूनही आमच्याकडे रोग आला, ही फसवणूक समजावी की आणखी काही?

उत्तर : रोपरोग_निवृत्त

येवल्याच्या ताईंनी सहा सरींची जी नोंद केली आहे ती माझ्या वर्गात सांगण्याजोगी होती. आता वर्ग नाही, म्हणून येथेच दाद देतो.

गिरणारेकर, एकाच प्रजातीतील असणे म्हणजे एका आडनावाची माणसे असण्यासारखे आहे. आडनाव एक असले तरी घर, गाव आणि धंदा वेगळा असतो. आपल्या टोमॅटोवर जे लक्षण आपण सांगता ते भारतात प्रामुख्याने भुईमुगावरील शेंडेमर रोगाच्या विषाणूमुळे येते. तो याच प्रजातीतला आहे, पण त्याला वाहून नेणारा मुख्य फुलकिडा थ्रिप्स पाल्मी आहे आणि त्याच्या यजमानांत भुईमूग, टोमॅटो, मूग, उडीद, बटाटा अशी वेगळीच पंगत आहे. कलिंगडावरील शेंडेमर हे आणखी एक भावंड. जगभरात फुलकिड्यांच्या सहा हजारांहून अधिक जाती माहीत आहेत आणि त्यांतील जेमतेम पंधरा-वीस जाती या विषाणूंच्या वाहक आहेत. प्रत्येकीचे विषाणूही ठरलेले असतात. म्हणून दारणाकाठ यांच्या डोंगळ्यांना शेजारच्या टोमॅटोने बाधले, असे म्हणण्याला आधार नाही. द्राक्षावरील फुलकिड्यांच्या जातीही निराळ्या असतात आणि द्राक्षवेलीला या दोन्ही विषाणूंपैकी कोणताच होत नाही. बागेने उगीच बदनाम होऊ नये.

पाकिटावरील मजकुराबद्दल मी फसवणूक हा शब्द वापरणार नाही, पण तो अर्धवट आहे हे निश्चित. स्पॉटेड विल्टला प्रतिकार देणारे ‘एसडब्ल्यू-5’ नावाचे जनुक रानटी टोमॅटोच्या एका जातीतून लागवडीच्या वाणांत आणलेले आहे आणि ते मूळ स्पॉटेड विल्टच्या विषाणूविरुद्ध पारखलेले असते. आपल्याकडे शेतात येतो तो त्याचा भाऊ; त्याच्याविरुद्ध तेच जनुक तितकेच चालेल याची हमी त्या छापील ओळीत नसते.

याच संदर्भात एक जुनी गोष्ट आठवते. आंध्रातील अनंतपूर भागात 2000 मध्ये भुईमूग मोठ्या प्रमाणावर करपून गेला, तेव्हा शेंडे जळालेले पाहून सर्वांनी शेंडेमर असेच निदान केले होते. तपासणीत निघाला तंबाखूवरील स्ट्रीक विषाणू, जो इलारव्हायरस या अगदी परक्या प्रजातीतला आहे आणि जो गाजर गवताच्या परागकणांवर स्वार होऊन फुलकिड्यांच्या अंगावरून येतो. फुलकिडा तिथेही होताच, पण तो केवळ हमाल होता. त्याच्या पोटात काही वाढत नव्हते. तेथे गाजर गवत उपटणे हा उपाय ठरतो, शेंडेमरीत त्याला तेवढे महत्त्व राहत नाही. डोळ्यांनी निदान करण्याची सवय असलेल्या आम्हा लोकांना त्या प्रकरणाने चांगलाच धडा दिला.

टोमॅटो आणि कांदा यांत आणखी एक भेद सांगितला पाहिजे. भुईमुगावरील शेंडेमरीचा अभ्यास हैदराबादजवळील पाटणचेरू येथे इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेत वर्षानुवर्षे झाला आणि त्यात असे दिसले की शेतातील बहुतेक रोगट झाडे बाहेरून उडून आलेल्या किड्यांमुळे होतात. शेतातल्या शेतात एका झाडावरून दुसऱ्यावर होणारा प्रसार नगण्य असतो. म्हणून तेथे लवकर आणि दाट पेरणीचा सल्ला दिला गेला. कांद्यावर मात्र थ्रिप्स टॅबेसी त्याच पातीत जन्मतो, वाढतो आणि त्याच शेतात पुढच्या झाडावर जातो, त्यामुळे शेतातल्या शेतात होणारा प्रसार फार महत्त्वाचा ठरतो. टोमॅटोत आपली सगळी भिस्त रोपवाटिकेवर आणि लागवडीनंतरच्या पहिल्या महिन्यावर असावी. पांढऱ्या माशीला अडवणारी जाळी फुलकिड्याला विरळ पडते हे रोपे घेताना पाहावे, आणि मल्चिंग पेपर अंथरताना चंदेरी बाजू वर ठेवावी, कारण तिच्या झळाळीने उडता फुलकिडा खाली उतरायला कचरतो.

जाता जाता एक गमतीची बाब. स्पॉटेड विल्टचा विषाणू पोटात असलेले नर फुलकिडे निरोगी नरांपेक्षा तिपटीपर्यंत अधिक वेळा झाडाला टोचतात, असे अमेरिकेतील एका प्रयोगात आढळले आहे. स्वार घोड्यालाच टाच मारतो, म्हणायचे.

उत्तर : भिंगवाला (पिंपळगाव बसवंत)

वरील चर्चा वाचली. मी फवारणीच्या सल्ल्याचे काम करतो, त्यामुळे दोन मुद्द्यांवर थोडा मतभेद नोंदवतो.

पहिला मुद्दा आर्थिक नुकसान पातळीचा. कांद्यासाठी झाडामागे 30 फुलकिडे दिसल्यावर फवारणी करावी, असे सांगितले जाते आणि खाण्याच्या कांद्यासाठी ते योग्यच आहे, कारण तो आकडा किड्याने रस शोषल्यामुळे होणाऱ्या नुकसानीवर बेतलेला आहे. आजूबाजूला हा विषाणू आधीच असताना, आणि तेही डोंगळ्यांमध्ये, 30 ची वाट पाहणे मला परवडणारे वाटत नाही. खाण्याच्या कांद्यात पातीवर दहा डाग पडले तर कांदा थोडा लहान राहतो. डोंगळ्यात दांड्यावर एकच डाग योग्य जागी पडला तर सगळा गोंडा जातो. मी माझ्या शेतकऱ्यांना गोंडा निसवण्यापूर्वीच्या महिन्यात दर चार दिवसांनी मोजायला लावतो आणि पिल्ले दिसू लागताच पहिली फवारणी, मग आठ ते दहा दिवसांनी वेगळ्या गटाचे औषध घेऊन दुसरी, असे सांगतो. एकच रेणू पुन्हा पुन्हा मारल्याने हा किडा किती लवकर निर्ढावतो ते आपल्या जिल्ह्याला नव्याने सांगण्याची गरज नाही. कांद्याची पात मेणचट असल्याने स्टिकर (औषध पातीला चिकटवणारे द्रव्य) न घातलेले द्रावण मोत्यासारखे ओघळून जाते, आणि फवारा वरून नव्हे तर मानेत गेला पाहिजे, कारण पिल्ले सर्वांत आतल्या दोन पातींच्या बेचक्यात बसलेली असतात.

दुसरा मुद्दा अधिक गंभीर आहे आणि तो वर कोणीच मांडलेला नाही. दारणाकाठ, आपले गोंडे आता फुलले असतील तर कीटकनाशकाची फवारणी करू नये. कांद्याच्या फुलातील पराग आधी पिकतात आणि त्याच फुलाचा स्त्रीकेसर नंतर तयार होतो, त्यामुळे बी धरण्यासाठी मधमाश्यांची ये-जा लागतेच. विषाणूने चौथा हिस्सा नेला म्हणून घाबरून केलेल्या फवारणीने मधमाश्या मेल्या तर उरलेले तीन हिस्सेही पोचट निघतील. मी गेल्या काही वर्षांत डोंगळ्यांचे जे मोठे नुकसान पाहिले त्यांतले निम्मे तरी या घाईमुळे झालेले होते. तुषार सिंचनाने फुलकिडे धुऊन जातात हे खरे आहे, पण तेही फुलोऱ्यात करू नये; पराग धुतले जातात आणि ओल्या दांड्यावर खरा जांभळा करपा येतो.

तपासणीसाठी नमुने पाठवणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावे. हा विषाणू अंगभर नसल्यामुळे डाग सोडून इतर पात पाठवली तर एलायझा ही विषाणू ओळखण्याची प्रयोगशाळेतील चाचणी ‘नाही’ असे सांगते आणि शेतकरी पुन्हा करप्याच्या मागे लागतो. ताजा डाग आणि त्याच्या कडेचा हिरवा भाग असा तुकडा कोरड्या कागदात गुंडाळून थंड ठिकाणी ठेवून लवकर पोहोचवावा. ओल्या प्लास्टिक पिशवीत तो वाटेतच सडतो. ऑक्सिफ्लोरफेन या तणनाशकाचेही पांढरे चट्टे पातीवर पडतात, पण ते एकाच दिवशी सगळ्या शेतावर दिसतात आणि नव्या पातीवर येत नाहीत. जांभळ्या करप्याचा डाग मध्ये जांभळट असून त्यात वलये असतात आणि दमट हवेत त्यावर काळपट बुरशी धरते. चातीसारखा, काडाच्या रंगाचा, मध्ये हिरवे बेट असलेला डाग कोरड्या हवेत वाढत असेल तर बुरशीनाशकाची बाटली खाली ठेवावी.

उत्तर : दारणाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. ताईंचा प्रश्न वाचला तेव्हा मी चाळीपाशीच बसलो होतो, त्यामुळे उत्तर शोधायला लांब जावे लागले नाही. आमची घाण चाळ आणि डोंगळे यांच्या मधल्या बांधावरच पडते. नवरात्रापासून टाकलेला ढीग आहे आणि त्यावर वीतभर उंचीचे कोंब उभे होते. त्यांतला एक कोंब उपटून मुलीच्या वहीच्या पांढऱ्या कागदावर झटकला. आधी काहीच दिसले नाही, मग कागदावरचे ठिपके चालू लागले. मुलीच्या प्रयोगाच्या पेटीतील भिंगातून दोघांनी मिळून मोजले तर 41 भरले आणि त्यांपैकी 26 पिवळट, बिनपंखी होते. त्या कोंबाच्या पातीवर तोच चातीसारखा डागही होता, जो मी गेले तीन महिने रोज त्या वाटेने जाताना पाहिला नव्हता.

डोंगळ्यांतही ताई म्हणतात तसेच निघाले. ढिगाकडील पहिल्या पाच सरींत उभे गोंडे कमी आहेत आणि जसजसे विहिरीकडे जावे तसतसे दांडे स्वच्छ होत जातात. फुलोरा निम्म्याच्या वर असल्याने आता फवारणी करणार नाही. भावाने उन्हाळ कांद्याच्या शेतात फवारणी ठरवली होती, तीही मधमाश्यांची ये-जा थांबल्यावर, संध्याकाळी करायला सांगितली आहे. मोडलेले दांडे कापून पोत्यात भरून बाहेर काढले. दुकानदाराने बाटली परत घेतली, पण पैशांऐवजी स्टिकर दिले. ते उपयोगी पडेल.

एक शेवटची शंका सरांना विचारतो. ढिगाकडील त्याच पाच सरींत, दोन्ही बाजूंचे दांडे मोडलेले असताना, 38 गोंडे एकही डाग नसलेले उभे आहेत. त्यांना मी लाल सुतळी बांधून ठेवली आहे. त्यांचे बी वेगळे धरून पुढच्या वर्षी वेगळ्या वाफ्यात टाकण्यात काही हशील आहे का, की ते केवळ नशिबाने वाचले?

उत्तर : रोपरोग_निवृत्त

बहुतेक नशिबानेच वाचले असतील, कारण कोणत्या दांड्यावर रोगवाहक किडा बसतो हे झाडाच्या गुणावर क्वचितच ठरते, आणि कांद्याला या विषाणूचा पूर्ण प्रतिकार करणारा वाण मला ठाऊक नाही. तरीही सुतळी सोडू नये. ज्या दांड्यांवर मेणाचा थर कमी आहे आणि रंग झळझळीत हिरवा आहे त्यांवर फुलकिडे कमी बसतात, असे कांद्यात दिसलेले आहे. त्या 38 पैकी तसे किती आहेत ते सकाळच्या उन्हात, दव वाळल्यावर, बोट फिरवून पाहावे. मेणचट दांड्यावर बोटाची रेघ उठते, कमी मेणाच्या दांड्यावर उठत नाही. तसे आठ-दहा जरी निघाले तरी त्यांचे बी वेगळ्या पुडीत बांधून ठेवावे, आणि पुढच्या लागवडीत त्यांचा वाफा मुद्दाम कांद्याच्या जुन्या शेताच्या बाजूला घ्यावा, म्हणजे किड्यांच्या माऱ्यात त्यांची खरी परीक्षा होईल.